देठावरची कुसळं मला दिसली नाहीत

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे, भिंगाची. पितळी कड्यात बसवलेली, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी. हसू नका. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण शिकल्यासवरल्यांना मी बरंच काही दाखवलंय.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घासून घासून घडवलं. मग वेल्सच्या मोन बेटावर, चॅपलच्या, म्हणजे गावच्या लहान चर्चच्या, जुन्या वस्तूंच्या विक्रीत, झाडापानांचं वेड असलेल्या तेगिदने मला उचललं. तीस वर्षं मी त्याच्या खिशात राहिले. गावात कौतुक एवढं, की "तेगिदची काच खोटं बोलत नाही" असं म्हणायचे. मी फुगले. का फुगू नये?

इथल्या पाणथळीत जूनमध्ये एका गवतावर पांढरा कापूस डोलतो. लोक सगळ्यालाच 'माळाची पिसं' म्हणतात, जात-बित बघत नाहीत. तेगिद बघायचा. गवताचा घट्ट झुबका आणि देठावर एकच बोंड, ती सशाच्या शेपटीची जात. एका देठावर तीन-चार बोंडं लोंबतात, ती साधी. पण लोंबणाऱ्या जातींत एक दुर्मीळ बहीण आहे. तिची पानं रुंद, सपाट. तिला चुनखडीच्या झऱ्याचंच पाणी लागतं. बोंडाखालच्या देठांवर तिला बारीक कुसळं असतात, सगळी वर तोंड करून. साधीचे देठ गुळगुळीत.

त्या वर्षी शेजाऱ्याला आपल्या पाणथळीतलं पाणी काढून टाकायला चर खणायचा होता. तेगिदची विधवा बहीण एलिनेद खालच्या अंगाला राहायची. तिच्या अंगणातला झरा त्याच पाणथळीतून यायचा. परवानगी देणाऱ्या कचेरीतली बाई म्हणाली, "ती दुर्मीळ जात असेल तर चर नाही. तेगिद, तुम्ही लिहून द्या, मला चालेल."

जूनमध्ये दोघं भावंडं चिखलात उतरली.

"आधी पानं बघ की," एलिनेद म्हणाली.

"मेंढ्यांनी ठेवलीत कुठे? देठच बघतो."

सकाळी त्याने चॅपलमध्ये लोणी लावून ब्रेड खाल्ला होता आणि तोच अंगठा माझ्यावर टेकला होता. मला जाणवलं होतं. तेवढ्यात एलिनेदने एक देठ तोडला आणि वरून खाली ओठावरून ओढला.

"तेगिद, खरबरीत आहे रे. कानशीसारखं."

त्याने बोट फिरवलं, खालून वर. "कुठे? रेशीम आहे रेशीम. जन्मभर मेंढ्या राखल्यास, आता ओठांनी झाडं ओळखणार?"

"मग विचार तुझ्या राणीला!"

राणी म्हणजे मी. त्याने मला डोळ्याला लावलं. लोण्याच्या थरातून देठ गुळगुळीत दिसला. मला बोलता येत नव्हतं, हे खरं. पण बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते. त्या क्षणी मला राणी म्हटलेलं गोड लागलं होतं. आजही ते आठवलं की कड्यातून निखळून पडावंसं वाटतं.

त्याने कागदावर लिहिलं, 'साधी.' त्यातला एक देठ वहीत दाबून ठेवला.

शरदात चर खणला. पुढच्या उन्हाळ्यात झरा करंगळीएवढा झाला, मग आटला.

हिवाळ्यात एकदा तेगिदने मला गरम पाण्याने धुतलं, सहजच, आणि वही उघडली. तो दाबलेला देठ माझ्याखाली धरला. देठभर कुसळं. मीच दाखवली, दीड वर्ष उशिरा.

तो मला आणि तो देठ घेऊन बहिणीकडे गेला.

"एलिनेद, तुझं खरं होतं."

"मला काय सांगतोस? मला त्या जूनपासून माहीत आहे. कचेरीत सांग."

त्याने तिथेच बसून कचेरीला पत्र लिहिलं, 'चूक माझी.' पाणथळीचा उरलेला अर्धा भाग त्यामुळे वाचला. झरा काही परत आला नाही.

पत्र लिहून झाल्यावर तिने त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. त्याने घोट घेतला आणि थांबला.

"नळाच्या पाण्याचा आहे," ती म्हणाली. "पी."

त्याने मान वर न करता तो संपवला.

मित्रांनो, जिच्या शब्दावर तुम्ही दुसऱ्याचं बोलणं उडवून लावता, तिला आधी पुसून घ्या. मग ती काच असो, वही असो, नाहीतर स्वतःची अक्कल. मला पुसायला तेगिदला सदऱ्याचं एक टोक पुरलं असतं. ते पाणी परत कधी येईल, ते मात्र मला दिसत नाही.