खुदेजाची दोरी

"धुणं कुणी काढलं?" कॅप्टन रॉयस्टनने विचारलं.

"मी, सर," कौशिक म्हणाला. "मस्कतहून देणगीदार आलेत. फोटोत मागे सलवारी फडफडणार, बरं दिसतं का ते?"

"अरे बाबा, त्या सलवारी बघूनच आम्ही उतरतो!"

कौशिक हसला. तो कंपनीचा इव्हेंट मॅनेजर. विमानाविषयीचं त्याचं सगळं ज्ञान खिडकीजवळच्या सीटवरून मिळवलेलं.

ओमानातल्या निझवाच्या वरच्या डोंगरात ही खडीची धावपट्टी. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला कडा. दरीकडून यायचं आणि कड्याच्या अलीकडे थांबायचं. वारा पाठीमागून असला तर थांबता येत नाही; अशा वेळी वेळेवर वळून परत जायचं. दुर्गम गावांत डॉक्टर आणि औषधं नेणाऱ्या वैमानिकांना रॉयस्टन इथे हेच शिकवायचा. वसईचा माणूस. शिकवता शिकवता केस पिकले, पण एकही विद्यार्थी त्याने कड्याला अर्पण केला नव्हता.

वारा दाखवायला कंपनीने नवी कापडी पिशवी लावली होती. तिच्यावर जरीने कंपनीचं नाव इतकं भरगच्च भरलं होतं, की वादळातही तिची समाधी मोडत नसे. म्हणून रॉयस्टन पोरांना शेजारच्या खुदेजाचं धुणं वाचायला शिकवी.

"मग रेडिओवरून सांगा ना वारा," कौशिकने सुचवलं.

"त्याची बॅटरी कुठंय?"

बॅटरी स्वागताच्या लाउडस्पीकरला जोडलेली होती.

"भाषण संपेपर्यंतच, सर. लगेच परत देतो."

तेवढ्यात दरीत विशाखाचं विमान दिसलं. इथलं तिचं पहिलं एकटीचं उतरणं, देणगीदारांसाठी मुद्दाम आजच ठेवलेलं. रॉयस्टनने तिकडे पाहिलं, तर वारा सरळ तोंडावर आला. म्हणजे तिच्या पाठीमागून.

"इन्शाल्ला होईल, सर. कॅमेरे चालू आहेत."

"ब्रेक कॅमेऱ्याने लागतात का रे? पोरगी जीव मुठीत धरून येतेय, आणि तुला फोटोची पडलीय!"

रॉयस्टन दोरीकडे धावला. धावताधावताच त्याने शर्ट उतरवला. पांढराशुभ्र, खांद्यांवर चार सोनेरी पट्ट्या.

"सर, काय करताय! पाहुणे बघतायत!"

"बघू दे. तिनेही बघू दे."

त्याने शर्टाला चिमटे लावले. बाह्या ताठ झाल्या आणि कड्याकडे बोट दाखवू लागल्या. लाउडस्पीकर म्हणत होता, "...आणि आता तो ऐतिहासिक क्षण!"

विमान जवळ आलं, एका पंखावर कललं, आणि वळून आल्या वाटेने परत गेलं.

देणगीदारांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सलामी दिली.

कौशिकला मात्र लगेच मालकाचा फोन आला. बोलून झाल्यावर तो खाली बघत म्हणाला, "अर्बाब म्हणतायत, खलास. उद्यापासून येऊ नका. आणि... शर्ट कंपनीचा आहे, सर."

"घामेजलाय. वाळला की ने."

रॉयस्टन बनियनवरच गाडीकडे चालू लागला. खुदेजा ओल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर आली. शर्ट तिने थोडा बाजूला सरकवला, जागा केली, आणि त्याला लागून एकेक सलवार वाळत घातली.