दाराखालची शिळा

मी एक जुनी शिळा आहे. दगडाने एका जागी निवांत पडून राहावे, अशी जगाची अपेक्षा असते. मला ते कधी जमले नाही आणि आजही जमत नाही. मित्रांनो, नीट बसा, चुळबुळ करू नका. चुळबुळ करण्याचा मान या ठिकाणी माझा आहे.

माझा जन्म पूर्वेकडच्या डोंगरात झाला. तेथे माझ्यासारख्या शेकडो होत्या आणि कोणी आम्हाला विचारीत नसे. पण दोन नद्यांमधल्या सुमेरच्या सखल मुलखात दगड मुळी नाहीच. तेथे चिखल आहे, लव्हाळे आहेत, खजुरीची झाडे आहेत. भांडणारी पोरेसुद्धा तेथे एकमेकांना ढेकळेच मारतात. म्हणून मला नावेत घालून आणले, वाळू आणि तांब्याची छिन्नी घेऊन एका कारागिराने माझ्या पाठीत वाटीएवढा खळगा कोरला, आणि कालव्याकाठच्या एका घराच्या दाराशी मला जमिनीत बसवले. दाराच्या उभ्या खांबाचे टोक माझ्या खळग्यात उभे राहिले. दार उघडले की खांब फिरे, मिटले की फिरे. त्या दिवसापासून माझी स्वस्थता संपली.

मला त्याचे दुःख नव्हते. उलट फार अभिमान होता. खांबाच्या फिरण्यावरून मी माणूस ओळखत असे. रागावलेला माणूस दार एका झटक्यात फिरवतो. काही लपवून आणणारा हळूहळू फिरवतो आणि मध्येच थांबतो. त्या घरची मालकीण अमाकल्ला प्रत्येक नव्या चंद्राला माझ्या खळग्यात बोटाने तिळाचे तेल घाली. शेजारणींना ती ठणकावून सांगे, "आमच्या घरात दार कुरकुरत नाही. कुरकुरायचं असेल तर माणसं आहेत."

आता तिथली एक रीत सांगते, ती नीट ऐका. मातीच्या विटांचे घर दोन पिढ्यांत खचते. मग ते पाडून त्याच ढिगाऱ्यावर नवे उभारतात. घर हातभर वर चढते आणि मलाही उचलून वरच्या जमिनीत बसवतात. घरची गेलेली माणसे मात्र त्याच घराच्या जमिनीखाली निजलेली असतात, ती तेथेच राहतात. त्यांना तहान लागते. म्हणून थडग्यातून वर मातीची नळी आणलेली असते आणि दर नव्या चंद्राला तिच्यात पाणी ओततात. घर वर चढले की नळीला आणखी एक तुकडा जोडायचा असतो. हे काम विसरणारा मनुष्य सुमेरमध्ये जन्मला नव्हता.

अमाकल्लाचा मुलगा उरनिगिन जन्मला.

घर नव्याने बांधले, तेव्हा अमाकल्ला लेकीच्या बाळंतपणाला दुसऱ्या गावी गेली होती. ती परतली तेव्हा जमीन लिंपून तयार होती, कोपऱ्यात नळीचे तोंड दिसत होते आणि मी दाराशी बसले होते. तिने त्याच दिवशी खाली निजलेल्या नवऱ्याच्या नळीत पाणी ओतले. मला मात्र तेव्हापासून चैन पडेना. माझ्या पोटाला खालून गार वारा लागे. मध्येच एखादा उसासा यावा तसा वारा. मला वाटले, वय झाले. तेल भरपूर असूनही दार कुरकुरू लागले.

सात वर्षे गेली. मग एका वर्षी नदीने तोंड फिरवले. ती पश्चिमेकडे सरकली आणि आमच्या कालव्याचे पाणी उतरू लागले. रोज सकाळी काठाचा आणखी वीतभर चिखल उघडा पडे. माणसे गाव सोडू लागली. आमच्या घरानेही सामान बांधले. त्या मुलखात लाकूडही दुर्मीळ आणि दगडही, म्हणून जाणारा माणूस दार आणि दाराखालची शिळा बरोबर नेतो. भिंतींची माती तेवढी मागे राहते.

"उरनिगिन, आज दुपारी निघालो तर निघालो," नावाडी लुगिना दारातून ओरडला. "उद्या माझी नाव गाळात बसेल. मग तुझ्या म्हातारीला पाठुंगळी घेऊन चाल."

"पाठुंगळी कुणाला घेतोस रे मेल्या?" अमाकल्ला आतून गरजली. "तुझ्या लग्नात तुझी आई रुसून बसली होती, तिला मी ओढत आणली होती. विसरलास?"

"नाही आजी. तीही विसरली नाही."

अमाकल्लाला नळीचा वरचा तुकडा नव्या घरी न्यायचा होता. कोपऱ्यात बसून तिने तो हलवला, आणि तो सहज तिच्या हातात आला. खाली नळी नव्हती. घट्ट वाळलेला चिखल होता.

"हे काय आहे?"

उरनिगिनने मान खाली घातली. "घागरीचा गळा आहे, आई."

"ते मला दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे. नळी कुठं आहे?"

"जोडायची राहिली. जवाची कापणी तोंडावर आली होती, लिंपण वाळत चाललं होतं. सगळं झाल्यावर आठवलं. आणि तू दुसऱ्या दिवशी येणार होतीस."

"म्हणून हा गळा खोचलास."

"हो."

अमाकल्लाने तो गळा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सात वर्षं मी चिखलाला पाणी पाजलं. तुझा बाप खाली ओठ चाटत पडला आणि तू वर जवाची दारू ढोसलीस. घरच्या माणसाच्या तोंडचं पाणी तोडलंस, मग नदीनं तुझ्यासाठी का थांबावं रे?"

ती भिंतीला टेकून बसली. "नळी सापडेपर्यंत मी नावेत पाय ठेवायची नाही. तुम्ही निघा."

"मग मीही नाही येत," सून निनहेदू म्हणाली. "तुमच्याशिवाय तिकडं भांडू कुणाशी, आत्याबाई?"

"पाणी उतरतंय हो!" बाहेरून लुगिना ओरडला.

उरनिगिनने कुदळ घेतली. एक खड्डा खणला, दुसरा खणला, तिसरा खणला. हाताला माती लागत होती, नळी लागत नव्हती. जुन्या भिंती कोठे होत्या हेच त्याला आठवेना. ऊन डोक्यावर आले. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्यावर ठिबकत होता, आणि मला खालून तो गार उसासा लागत होता. मित्रांनो, मला तेव्हा कळून चुकले होते. पण शिळेला तोंड नसते.

निनहेदू दाराकडे बघत उभी राहिली. "अहो, जुन्या घराचं दार इथंच होतं का?"

"इथंच. नाही, थोडं डावीकडं. नव्या घरात ते हातभर सरकवलं."

जुनी नळी दाराच्या उजवीकडे हातभरावरच होती. मग तिघेही माझ्याकडे पाहू लागले.

"शिळा उचल," अमाकल्ला म्हणाली.

त्याने दार उतरवले, आणि मला बाजूला सारले. माझ्याखाली एक काळे, गोल तोंड होते. मला वाटले, मला पुन्हा त्या डोंगरात नेऊन टाकावे. इतकी वर्षे ज्या जागेचा मी अभिमान बाळगला, ती एका तहानलेल्या माणसाच्या तोंडावरची होती.

अमाकल्लाने प्रवासासाठी भरलेली घागर उचलली. निनहेदूने तिला अडवले नाही. पाणी नळीत शिरले आणि खालून घटघट आवाज आला.

"अहो, उशीर झाला," अमाकल्ला नळीवर वाकून नवऱ्याला म्हणाली. "पोरगं तुमच्यावरच गेलंय, विसराळू."

घागर संपली तरी ती उठली नाही. गाव ओस पडणार होते. पुढच्या नव्या चंद्राला येथे कोण येणार? मग तिने वर पाहिले.

"छप्पर काढ."

"आई, वेळ नाही!"

"तुळया तशाही न्यायच्याच आहेत. छपराच्या चटया फेकून दे. हिवाळ्यात चार सरी येतात, त्या थेट यांच्या तोंडात पडू देत. आणि त्या लुगिनाला म्हणावं, घसा फोडू नकोस, वर चढ आणि हात लाव."

लुगिना चढला. छप्पर उतरले आणि घरात आभाळ आले. अमाकल्लाने ओल्या मातीचा हात फिरवून सगळी जमीन नळीकडे उतरती केली, भांड्याला आतून फिरवावा तसा. मग ती नावेत जाऊन बसली. नाव तळाला घासत, खरखरत निघाली. मी अमाकल्लाच्या पायांशी होते. ती माझ्यावर पाय ठेवून बसली होती. तक्रार करण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

नव्या गावी मला बसवण्याआधी अमाकल्लाने स्वतः जमीन थापटून पाहिली. काही वर्षांनी ती त्याच घराच्या जमिनीखाली निजली. उरनिगिनने तिची नळी माझ्यापासून दोन हात दूर आणली. पुढे घर पुन्हा वर चढले, तेव्हा त्याने पहिली वीट रचण्याआधी नळीला तुकडा जोडला. तेव्हा तो म्हातारा झाला होता, पण ते काम त्याने दुसऱ्या कोणाला करू दिले नाही.

मग तेही गाव उठले. दारे गेली, तुळया गेल्या, मला मात्र न्यायचे राहून गेले, आणि नळीत वाळू भरली. मी आता एका टेकाडावर उघड्यावर पडले आहे. अजूनही वारा सुटला की मला खांब फिरल्याचा भास होतो आणि कोण आले म्हणून मी दचकते. हिवाळ्यात माझ्या खळग्यात पाऊस साचतो. एक चंडोल येतो, इकडेतिकडे पाहतो आणि पितो. तेवढा वेळ मी अगदी स्वस्थ असते.

मित्रांनो, मानाची जागा मिळाली की तिच्यावर बसण्याआधी खाली हात लावून पाहा. गार वारा लागला, तर वयाला दोष देऊ नका. आणि उन्हाळ्यात माझा खळगा कोरडा पडतो. या बाजूला कधी आलात, तर त्यात ओंजळभर पाणी घाला. चंडोलाला पुरेल. थोडे सांडले, तर सांडू द्या; ते खालीच जाते.