जुनी, नवी आणि बाबांचं मत

कुईऽऽ करून बाबांच्या कानातल्या मशीनने शिट्टी मारली आणि तासभर थोपटून झोपवलेली माझी लेक टक्क जागी झाली. बाबांना त्यातलं काहीच कळलं नाही. ते आपले आरशासमोर कॉलर नीट करत होते. शेवटी मीच मशीन दाबून बसवलं. आता ही काही परत झोपत नाही, म्हणून आम्ही दोघीही त्यांच्याबरोबर निघालो.

चाळीस वर्षं बाबा एकाच गॅरेजात. हल्ली तिथली पोरं गाडीला वायर जोडतात आणि स्क्रीनवर दोष वाचतात. वायर जोडायची सोय नसलेली एकच गाडी उरली होती, डॉक्टरीणबाईंच्या सासऱ्यांची स्पोर्ट्स कार. बाबांहून थोडीच लहान. बाईंनी नुकतीच त्याच कंपनीची नवी घेतली होती. घराशी जागा एकीपुरतीच. जुनी टकटक करते, काढून टाकावी म्हणते, पण आधी तुमच्या मिस्त्रींना विचारते, असा त्यांचा निरोप होता. शेठने बाबांना सांगूनच टाकलं होतं, ती गेली की तुम्हीही आराम करा.

वाटेत मी त्यांना पढवलं. नवीत खोट काढा, निदान गप्प तरी बसा. ते नुसते हसले. मशीन असूनही काही गोष्टी त्यांना ऐकूच येत नाहीत.

आम्ही मायलेकी गॅरेजच्या फाटकाशी थांबलो. लहानपणी मी डबा द्यायला यायचे तीही इथपर्यंतच.

बाबा बाईंबरोबर नव्या गाडीत बसून चक्कर मारून आले. मग बॉनेट उघडून त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली. कान गेल्यापासून ते असेच ऐकतात. आजोबांचा नाश्ता चाललाय, असं पोरं कुजबुजली.

"आत बसल्यावर जी डरकाळी येते ना, ती निम्मी स्पीकरची," बाबा म्हणाले. "इंजिन बिचारं गरीब गाय आहे."

जुनी दोनदा खोकली, पेट्रोलचा वास सोडून सुरू झाली. बाबांचे दात तिसऱ्या सिलिंडरशी थबकले. वाल्व सैल होता. इंजिन बंद करून त्यांनी झाकण उतरवलं, पाना जेमतेम फिरवला. पुन्हा सुरू केली तेव्हा टकटक गायब.

"मग, चांगली कोणती?" बाईंनी विचारलं.

मी फाटकातून आत शिरून बाबांची बाही ओढली.

"नवी," बाबा म्हणाले. "ब्रेक दाबला की थांबते. उद्या काही झालंच तर तुम्हाला वाचवेल. ही जुनी रोज काहीतरी मागणार. तिच्याकडे बघणारं कुणी नसेल, तर विकाच."

मी बाही सोडून दिली. शेठ तर गिऱ्हाईक सुचवायलाही लागले.

बाईंनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. मुठीवर दातांचे बारीक खड्डे होते.

"बघायला मला शिकवाल?"

बाईंचा बेत तयारच होता: नवी दवाखान्याच्या आवारात राहील, जुनी घरी; दर रविवारी त्या ती इथे आणतील आणि बाबांकडून शिकतील. एवढं मोठं गिऱ्हाईक, शेठ नाही कशाला म्हणतायत?

"न शिकवायला काय झालं?" बाबांचा चेहरा उजळला होता. "बायकांना तर सोपंच जाईल. हात हलका लागतो यात."

माझ्या कडेवरून लेक त्यांच्याकडे बघत होती. तिने माझी हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"आई, मग आजोबांनी तुला का नाही शिकवलं?"