रोस्कातलं बाळ

आधी दात.

विनीताचा दात. वरचा, डावीकडचा. पावात तो कशावर तरी कचकन आपटला आणि ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या शरयूच्या दिवाणखान्यात सगळ्यांचे चहाचे कप एकदम खाली ठेवले गेले. विनीतानं तोंडापुढे पेपर नॅपकिन धरला, त्यात जे आलं ते दोन बोटांनी उचलून दिव्याकडे धरलं. एक बाळ. प्लास्टिकचं, गुलाबी, वालाच्या दाण्याएवढं, हात छातीशी घेतलेलं, उघडंनागडं.

शरयू हसली.

हसली ही तिची चूक नव्हे. चूक त्याच्या पाच मिनिटं आधीच होऊन गेली होती. ती अजून तिला ठाऊक नव्हती.

तिथून मागे

मागच्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, तेलाचा भाव कोसळला. ह्यूस्टनच्या तेल कंपन्यांनी माणसं झाडून टाकल्यासारखी बाहेर काढली. त्यात राजाराम पाटणकर, शरयूचे यजमान, सीनियर इंजिनियर, हेही होते. तेव्हापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये फोनशेजारी बसत. मुलगी ऑस्टिनला कॉलेजात. घराचे हप्ते चालू.

शरयू हायवेच्या कडेच्या बेकरीत गेली ती नोकरी मागायला नाही, ब्रेड आणायला. बेकरी ओफेलिया त्रेविन्यो नावाच्या साठीच्या मेक्सिकन बाईंची. दारातच ताटांचा ढीग आणि चिमट्यांची बरणी. ताट घ्यायचं, चिमटा घ्यायचा, फडताळापुढून फिरायचं, आपल्या हातानं उचलायचं. शिंपल्यासारखे गोल पाव, डुकराच्या आकाराची गुळाची बिस्किटं, भोपळ्याचं सारण भरलेल्या एंपनाडा. शरयू एंपनाडांपाशी थांबली. त्या करंज्याच होत्या. फक्त कडा काट्यानं दाबलेल्या, आणि एक फुटून सारण बाहेर आलेलं.

तिनं गल्ल्यामागच्या बाईंना खुणेनं सांगितलं की हे असं नाही, आणि हवेत बोटं फिरवून दाखवलं. ओफेलियानं तिच्याकडे वरून खाली पाहिलं. मग आत नेऊन पिठाची एक लाटी तिच्यापुढे टाकली. शरयूनं मुरड घातली. अलिबागला आईनं डोक्यात टपल्या मारून शिकवलेली, दोरीसारखी बारीक मुरड.

दुसऱ्या सोमवारपासून ती कामावर होती. डोक्याला जाळी, साडीवर पांढरा एप्रन, एप्रनवर लाल अक्षरांत त्रेविन्यो.

राजाराम मराठी मंडळातल्या लोकांना सांगत, शरयू एका फर्ममध्ये अकाउंट्स बघते.

पुन्हा दात

तर सहा जानेवारी. बाळ येशूला बघायला आलेल्या तीन राजांचा सण. त्या दिवशी बेकरीत रोस्का होतो, म्हणजे वर सुक्या फळांच्या रंगीत पट्ट्या लावलेला, मोठ्या कड्यासारखा गोड पाव. पोटात बाळ लपवलेलं. ज्याच्या वाट्याला बाळ येईल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना जेवू घालायचं, आणि बेकरीच्या देव्हाऱ्यातल्या बाळ येशूला नवे कपडे शिवून घालायचे. शरयूला ही गोष्ट इतकी आवडली की संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं ठरवायला मंडळाची माणसं घरी येणार म्हटल्यावर तिनं एक रोस्का घरी आणला. बाळाचं काही बोलली नाही. गंमत होती ना ती.

विनीताला गंमत वाटली नाही. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची आणि मंडळाच्या अध्यक्षांची, शैलेंद्रची, बायको होती. तिनं बाळ बशीच्या कडेला ठेवलं आणि शांतपणे विचारलं की हे एखाद्या लहान मुलाच्या घशात गेलं असतं तर? प्रश्न काही खोटा नव्हता. शरयूनं प्रथा समजावून सांगितली. मग विनीतानं जेवण घालायचं का, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. हसणं संपल्यावर विनीतानं विचारलं, "पण शरयूताई, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

राजाराम खिडकीबाहेर बघत होते.

"हा पाव ज्या बेकरीतला, तिथं मी काम करते," शरयू म्हणाली. "करंज्या वळते."

मधला भाग, जरा करपलेला

पुढचं भराभर झालं. विनीतानं शहराच्या आरोग्य खात्यात फोन केला. इन्स्पेक्टर बेकरीत आला, अदबीनं बोलला, आणि खाण्याच्या वस्तूत न खायची वस्तू घालून विकायची नाही, पुन्हा दिसलं तर दार बंद होईल, असं बजावून गेला. हळदीकुंकू शरयूकडे व्हायचं होतं, ते आपोआप विनीताकडे सरकलं. शैलेंद्रनं राजारामांना फोन करून फार गोड आवाजात सांगितलं की वहिनींनी तिळगुळाचे लाडू जरूर आणावेत, फक्त घरचेच असावेत, तिकडचे नकोत, लोक विचारतात. राजारामांनी बरं म्हटलं. शरयूनं लाडू केले आणि आपले आपणच खाल्ले. दोन-तीन राजारामांनी खाल्ले, ती बघत नसताना.

बेकरीत तिच्यावर कुणी चिडलं नाही. तेच जास्त लागलं. ती ओफेलियापुढे जाऊन उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली की तक्रार माझ्या घरातून गेली, आता मला काढून टाका. ओफेलिया पीठ मळत होती. मळतच राहिली. मग तिनं भलतंच विचारलं.

"रोस्का कापला कोणी?"

शरयूला प्रश्नच कळेना. कापला कोणी म्हणजे? पाहुणे आल्यावर घरची बाई कापते. तिनंच कापला होता. सारखे तुकडे करून, बशांत घालून, शेजारी चमचा आणि चिवडा ठेवून हातात दिला होता.

ओफेलियाचे हात थांबले. अशी गोष्ट तिनं जन्मात ऐकली नव्हती. रोस्का कोणी कोणाला कापून देतं का? सुरी ताटावर असते. ज्याचा त्यानं यायचं, ज्याचा त्यानं कापायचा, भीत भीत, सुरी कशाला लागतेय का बघत. सगळी मजा तीच. त्या दातवाल्या बाईनं काही निवडलंच नाही, तर तिच्यावर बाळ कसं येईल?

"सुरी तुझ्या हातात होती," ओफेलिया म्हणाली. "बाळ तुझं. जेवण तुझ्याकडे."

आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

राजाराम

ते म्हणाले, "या घरात नाही."

आवाज चढवला नाही. त्यांचं म्हणणं असं की नोकरी आज ना उद्या लागेल, तेव्हा याच लोकांत उठायचं बसायचं आहे. अर्ज शैलेंद्रच्या ओळखीनं चाललेत. चार दिवस गप्प बसायला काय जातं? बेकरीत करायचं ते बेकरीत कर. हवं तर तिथंच एखादं पातेलं घेऊन जा. पण ट्रकमधून माणसं येऊन आपल्या दारात उतरणार, आणि तू त्यांच्यापुढे एप्रन लावून—



शरयू विचार करत राहिली. खरं तर सोपं होतं. ते बाळ अजून स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे होतं. कचऱ्यात टाकलं असतं तर कुणी विचारलं नसतं. ओफेलियानंसुद्धा नाही. सतरा वर्षं या देशात ती पाटणकरांची मिसेस होती, मंडळाच्या बटाटेवड्यांची जबाबदारी होती, आणि ज्या ज्या वेळी तिला गप्प बसायला सांगितलं गेलं, त्या त्या वेळी गप्प बसणं सोपंच होतं. कुणी तिला कधी काही देणं लागू केलं नव्हतं. ओफेलियानं केलं. तुझं आहे, तू फेड, म्हणाली. बरोबरीच्या माणसाला म्हणतात तसं.

"याच घरात," ती म्हणाली. "गॅरेजमध्ये. दार उघडं ठेवून."

कपडे

बाळ येशूला कपडे. मोठ्या बाहुलीएवढी मातीची मूर्ती. शरयूनं पेटीतला खण काढला, अंजिरी, पिवळ्या काठाचा, आणि त्याची कुंची शिवली. मागे झालर, कानापाशी गोंडे. बेकरीतल्या बायकांनी ती हातोहात फिरवून पाहिली. त्यांच्या देवाला कुणी कधी कानटोपीचा झगा घातला नव्हता. एक जण म्हणाली, पाद्री काय म्हणेल? ओफेलिया म्हणाली, पाद्र्याला थंडी वाजत नाही का?

पोट

दोन फेब्रुवारीला खायचे असतात तमाले, मक्याच्या सालपटात गुंडाळून उकडलेले, आत बहुधा डुकराचं मांस. ते शरयूच्या हातून होणं शक्य नव्हतं आणि तिनं तसं स्पष्ट सांगितलं. ओफेलियानं खांदे उडवले. जेवण तुझं आहे, म्हणाली.

मग शरयूनं तांदळाची पिठी भिजवली. हळदीची पानं टेक्सासात कुठून येणार? तिनं मक्याची वाळकी सालपटं गरम पाण्यात टाकून मऊ केली, त्यावर पिठी सारवली, मधे ओलं खोबरं आणि ओफेलियाकडच्या तपकिरी गुळाचं सारण. तो गूळ शंकूच्या आकाराचा असतो, पण फोडला की वास थेट अलिबागच्या बाजाराचा. दुमडून उकडायला ठेवले.

पातोळे. मक्याच्या सालपटात.

वाफ गॅरेजभर झाली आणि दारातून रस्त्यावर गेली.

शेवटचा काप

लोक दुपार कलल्यावर आले. ट्रकमधूनच आले. ओफेलिया पुढे, कडेवर कुंचीतला देव. मागे भट्टीवरची माणसं, त्यांच्या बायका, म्हाताऱ्या, पोरं. शरयू दारात उभी होती. हिरवी साडी, वर एप्रन, डोक्याला जाळी. जाळी मुद्दाम. एप्रनची लाल अक्षरं रस्त्याच्या पार पलीकडून वाचता यावीत अशी ती उभी होती. विनीताला तिनं फोन करून बोलावलं होतं. विनीता आली नाही. पण तिची निळी गाडी घरापुढून सावकाश गेली, थोड्या वेळानं उलट दिशेनं पुन्हा गेली. दुसऱ्या वेळी शरयूनं चिमटा उंच धरून हलवला.

ओफेलियानं पातोळा सोलला, हुंगला, खाल्ला. सगळे थांबले होते.

"हा तमाल नाही," ती म्हणाली.

"नाहीच," शरयू म्हणाली. "सालपट तुमचं, पोट आमचं."

ओफेलियानं दुसरा घेतला. आणि तोंड भरलेलं असतानाच तिला हाक मारली, "कोमाद्रे." बाळाच्या आईनं बाळाच्या मानलेल्या आईला मारायची हाक. आपल्याकडे विहीणबाई म्हणतात ना, तशी. पण यात मानपान नसतो, आहेर नसतो, रुसवाफुगवा नसतो. एवढं नातं तिला या देशात आल्यापासून कुणी दिलं नव्हतं.

मग ओफेलियानं ट्रकमधून एक मोठा खोका आणवला. आत रोस्का. सण होऊन महिना होत आलेला, खात्यानं बजावलेलं, आणि तरी अख्खा रोस्का, वरच्या फळांच्या पट्ट्यांसकट. 

"हा विकायला नाही," ओफेलिया म्हणाली. "आणि आत काय आहे ते मी सांगणार नाही."

शरयूनं सवयीनं सुरी उचलली. बशाही पुढे ओढल्या. मग थांबली, बशा बाजूला सारल्या, सुरी रोस्काशेजारी आडवी ठेवली आणि हात एप्रनला पुसून मागे झाली.

एकेक जण येत गेला. कापत गेला. कुणाला बाळ लागेना.

घराचं दार उघडलं. इस्त्रीच्या शर्टात राजाराम. चहा मिळेल का विचारायला आले होते म्हणे. तेवढ्या माणसांशी नजरानजर झाली आणि ते दारातच अडकले. आत जावं तर पळाल्यासारखं दिसतं. शेवटी टेबलापाशी आले, आणि तीस वर्षांच्या सवयीनं शरयूकडे हात पुढे केला, बशीसाठी.

शरयूनं बशी दिली नाही. सुरीकडे बोट केलं.

राजारामांनी सुरी घेतली. एवढासा काप, कागदासारखा पातळ, काढायला गेले. सुरी मध्येच कशावर तरी थबकली. बारीक, टणक आवाज झाला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नाहीसं बघून सुरी अलगद उचलली आणि दोन बोटं पलीकडे सरकवली.

"अहो," शरयू म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मागे घ्या. तिथंच कापा."