चंदाबाईची आंब

"संपली," रतनसिंग म्हणाला आणि छपराकडे बघू लागला.

दारात धुरपताबाई उभी होती. खालच्या गावातून तांड्याचा माळ चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. तिचा नवरा पुंजाजी आणि रतनसिंग हे बांधाला बांध लागून असलेले शेतकरी, जुने दोस्त. पुंजाजीचं पोट धरलं होतं. फाट्यावरच्या डॉक्टरच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या, आणि आता त्यानं चंदाबाईच्या हातच्या आंबेचा हट्ट धरला होता.

"समदी संपली व्हय? घोटभर बी न्हाई?"

"न्हाई ना वैनी. काढनारीच गेली, मंग कुठून राहीन?"

"खरंय बाई," म्हणत धुरपताबाई पदर सावरून माघारी वळली.

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस असा छपराकडे बघतो. छपरात काहीच नव्हतं. बाटली होती त्याच्या पाठीमागे, कणगीतल्या ज्वारीत गळ्यापर्यंत पुरलेली, आणि ती अर्धी भरलेली होती.

परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला त्याला दोन वर्षं होत आली होती. पाट्या बदलल्या, पण तांड्याच्या विहिरीचा तळ पूर्वीसारखाच पौषात दिसू लागायचा. त्या माळावर हरभरा यायचा तो पावसाच्या उरल्यासुरल्या ओलीवर आणि पहाटेच्या दहिवरावर. "खालची विहीर आटली तं आटली," चंदाबाई म्हणायची, "वरची रोज भरून राहिली ना." हरभरा फुलावर आला की पानांवर खार धरतो. रात्री दहिवर पडलं की ते त्या खारानं आंबट होतं. ऊन यायच्या आत सुती फडकं पिकावरून ओढत न्यायचं, ओलं झालं की भांड्यात पिळायचं. सगळं वावर पालथं घालावं तेव्हा तांब्याभर निघते, तिलाच आंब म्हणतात. पोटदुखीला, अजीर्णाला चमचाभर पाण्यातून घ्यायची. बाटलीत ती वर्षानुवर्षं टिकते.

चंदाबाईची आंब अख्ख्या गावाला माहीत होती. रतनसिंगची बायको म्हणून तिला ओळखणारे थोडे होते. चंदाबाईचा नवरा म्हणून त्याला ओळखणारेच जास्त. श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तिचे कपडे रिवाजाप्रमाणे तिच्याबरोबर गेले, त्यात आंबेचं जुनं फडकंही गेलं. पोरगी रुपा वसमतला दिलेली. तिचं सासर मोठं आणि सुट्टी लहान. दिवसकार्याला आली, रडली, भांडी घासून ठेवून परत गेली.

त्यानंतर घरात बोलायला कोणी उरलं नाही. चंदाबाईचा एकच फोटो होता, मतदानाच्या कार्डावरचा, आणि त्यात तिचे डोळे मिटलेले होते. त्या फोटोशी काय बोलणार? म्हणून दिवस मावळला की रतनसिंग कणगीत हात घालायचा, बाटलीचं बूच काढायचा आणि वास घ्यायचा. वास काही फार चांगला नव्हता. आंबूस, ओल्या पाल्यासारखा. पण पौषातल्या सकाळी चंदाबाई घरात शिरायची तेव्हा तिच्या हातांना हाच वास यायचा. त्याला तिची फार आठवण यायची. मग तो बूच घट्ट लावून बाटली पुन्हा ज्वारीत पुरायचा.

धुरपताबाई माघारी गेल्यापासून त्याला अन्न गोड लागेना. एकीकडे दोस्त, दुसरीकडे बायको, आणि बायको तर बाटलीतच. शेवटी त्यानं स्वतः आंब काढायचं ठरवलं. नवी आंब निघाली की बाटलीतला एक थेंबही कोणाला द्यायला नको.

घरात सगळे कपडे टेरिकॉटचे. त्यानं पहिल्या दिवशी आपलं धोतर हरभऱ्यावरून ओढलं. धोतर कोरडंच्या कोरडं, आणि पायांच्या भेगांत खार शिरून अशी आग झाली की तो बांधावर बसून फुंकर घालू लागला. मग तो वारंगा फाट्याला जाऊन चांगला नवा मांजरपाट घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मात्र फडकं भिजलं. पिळून पिळून मनगटं दुखली, तरी पेलाभर निघाली. रंग जरा पांढुरका होता. पण त्याला आनंद झाला, आणि तो तसाच अनवाणी खाली गावात गेला.

पुंजाजी बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं करून थुंकला.

"काय हाय हे? आंब हाय का कांजी?"

"आत्ता काढून आनली."

"कपडा कोनता घेतला?"

"नवा मांजरपाट."

"अरं येड्या, त्याची खळ काढली न्हाईस! लुगड्याला कांजी पाजतेत, तशी तू मला पाजून राहिला." पुंजाजी हसायला गेला आणि पोट धरून कण्हला. "जुनं, धू-धू धुतलेलं फडकं लागतं. चंदाबाईला कधी पाहलं न्हाई व्हय तू काढताना?"

 रतनसिंगनं खरंच पाहिलं नव्हतं. जन्मभर ती थंडीत उठून जायची आणि हा कूस बदलून गोधडी ओढून घ्यायचा. एकदा तरी तिच्यामागं वावरात जायला काय झालं होतं? आता कितीही लवकर उठलं तरी त्या वावरात ती दिसणार नव्हती.

पुंजाजी पुन्हा कण्हला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. रतनसिंग उठला, माळ चढून घरी गेला आणि बाटली घेऊन आला.

धुरपताबाईनं ती ओळखली. "संपली होती ना?" असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं पाण्यात चमचाभर आंब टाकून नवऱ्याला दिली. पुंजाजीनं डोळे मिटून ती प्यायली, आणि थोड्या वेळानं मोठा ढेकर दिला.

"व्हय," तो म्हणाला. "ही चंदाबाईची."

"चार रोज घे सकाळ-सांजच्याला. समदी घे," रतनसिंग म्हणाला. मग धुरपताबाईकडे न बघता म्हणाला, "बाटली तेवढी वापस पायजे, वैनी."

"आता बया! तुमची बाटली घेऊन आमी काय करू? मी सोता पोचती करीन."

आंब संपली तरी बाटलीला वास राहील, एवढाच त्याचा हिशेब होता. चार दिवस संध्याकाळ झाली की तो सवयीनं कणगीत हात घाले आणि नुसती ज्वारी हाताला लागे.

शब्दाला जागून धुरपताबाई आली. पुंजाजी आता चालता-फिरता झाला होता, शेतातही गेला होता. तिनं पदराखालून बाटली काढून उन्हात धरली.

"बघा भाऊ, कशी लखलखून राहिली. तळाला लई किटन होतं. राख घालून, काडीला चिंधी बांधून घासली. आनि दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं देवावं? करडीचं तेल घातलं. घरच्या करडीचं हाय."

रतनसिंगनं बाटली हातात घेतली. काच एकदम स्वच्छ होती, आतलं पिवळं तेल गळ्यापर्यंत आलं होतं.

"लई उपकार झाले तुमचे," धुरपताबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "चंदाबाई गेली, पर तिच्या हातानं माझा धनी उठला."

"काहून उपकार, वैनी," तो म्हणाला. "बाटली बरी घासली तुमी. हिच्यानं बी एवढी निघाली नसती."

ती माळ उतरून दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा राहिला. मग आत येऊन त्यानं बूच काढलं. करडीचा वास घरभर झाला. त्यानं बाटली नाकाशी धरली, आडवी केली, पुन्हा उभी केली. करडीचाच वास होता.

चुलीवर भाकरी टाकून झाली. ताटलीत त्यानं तिखट घेतलं, त्यावर तेलाची धार धरली आणि खाली मांडी घालून बसला. तेल ताजं होतं, चवीला चांगलं होतं. त्यानं सावकाश सगळी भाकरी खाल्ली.