एका तोंडातल्या दाढा

माझा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर आणि मी संख्याशास्त्र शिकवणारी, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढणं हा आमचा घरचाच धंदा. त्या दुपारी त्याच्या दवाखान्यात बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मी मांडीवर लॅपटॉप घेऊन पेशंटच्या खुर्चीत रेलले होते. संध्याकाळी त्याला समितीपुढे उभं राहायचं होतं. शाळेतल्या मुलांच्या दाढांना त्याने लावलेला लेप खरंच कीड रोखतो हे पटलं, तर तो सगळ्या शाळांत लागणार होता. नाही पटलं, तर योजना गुंडाळणार होते.

"सहाशे दाढा तपासल्यात, ताई," तो फुशारकीने म्हणाला.

"दाढा सहाशे असतील. तोंडं किती?"

"पंच्याहत्तर."

"झालं! अरे, एका तोंडातल्या दाढा म्हणजे सख्खी भावंडं. तेच गोड खाणं, तोच घासायचा कंटाळा. एक किडली की बाकीच्याही किडायची शक्यता जास्त. आणि तू त्यांना सहाशे वेगळे साक्षीदार म्हणून उभं केलंस? समितीत कुणी जाणकार निघाला तर तुझी पार चंपी करेल."

त्याचा चेहरा पडला. सुट्टीचे दिवस घालवून पठ्ठ्याने शाळा पालथ्या घातल्या होत्या. मला वाईट वाटलं, पण आकड्यांना दयामाया नसते.

"लेप न लावलेली मुलं वेगळी काढून दे," मी म्हटलं. "मुलामुलांची तुलना करू. फरक टिकेलसं वाटत नाही."

"लेप न लावलेलं एकही मूल नाही."

"म्हणजे?" मी ताडकन उठले आणि वरचा दिवा कपाळावर आदळला.

"निम्म्या पोरांच्या तोंडाला पानं पुसणं माझ्याच्याने होईना. म्हणून प्रत्येकाची एकच बाजू केली. डावी की उजवी, ते नाणं उडवून."

"गाढवा, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

कपाळ चोळत मी हिशेब नव्याने मांडला. आता प्रत्येक मुलाची एक बाजू त्याच्याच दुसऱ्या बाजूशी ताडायची होती. खाणं तेच, घासणं तेच, फरक फक्त लेपाचा. दाढांच्या ज्या नात्याची मी त्याला भीती घातली होती, ते नातं आता त्याच्याच बाजूने बोलत होतं. उत्तर आलं तशी मी चक्क ओरडले. त्याच्या पहिल्या हिशेबापेक्षाही पुरावा भक्कम निघाला होता!

जे शिकवताना वर्गात माझा घसा कोरडा पडतो, ते याने निव्वळ मऊ मनापायी केलं होतं. मला त्याचा फार अभिमान वाटला आणि तसं मी त्याला सांगितलंही, जे आमच्यात सहसा होत नाही.

वाटलं, आता हा नाचेल. त्याने फोन उचलला.

"समितीला आत्ताच कळवू नकोस रे, मला एकदा पडताळू दे."

"समितीला नाही गं, शाळेला," तो नंबर शोधत म्हणाला. "लेप चालतो म्हणतेस ना? मग त्या पोरांची दुसरी बाजू अशीच किती दिवस ठेवायची?"