लवंगीचा अर्धा इंच

नालबंदमामाचं आयुष्य घोड्यांच्या पायांशी गेलं होतं. उंचीबिंचीच्या भानगडीत तो कधी पडला नव्हता. पण त्याच्याकडे राहणारी भाची, बारकी, अडथळ्यांच्या शर्यतीत उतरणार ठरलं, तेव्हा त्याने लवंगी घोडीशेजारी मोजकाठी उभी करून खांद्यापर्यंतची उंची वाचली. साडेअठ्ठावन्न इंच भरली. छोट्या घोड्यांच्या गटाची मर्यादा होती १४.२ हात. घोडे मोजायचा हात म्हणजे कोपरापासूनचा नव्हे, आडव्या पंजाएवढा, चार इंचांचा, हे मामाला ठाऊक होतं. त्याने चाराने भागलं, तर चौदा पूर्णांक बासष्ट आलं. तो मटकन पेंढ्यावर बसला.

बारकीला हसू आवरेना. टिंबापुढचा आकडा दशांश नसतो, उरलेले इंच असतात, असं तिने समजावलं. १४.२ म्हणजे चौदा हात आणि वर दोन इंच, झाले अठ्ठावन्न. लवंगी जेमतेम अर्धा इंच जास्त होती.

मामाच्या जिवात जीव आला. एवढं तर तो खुरांतूनच काढून देणार होता. त्याने कानस उचललीसुद्धा.

"नको, मामा," बारकी म्हणाली. "इतकं तासलंस तर तळ पातळ होईल. उडी मारून ती त्याच पायांवर उतरणार आहे."

मोठ्या गटात तुझा निभाव लागायचा नाही, असं मामाने परोपरीने सांगून पाहिलं. ती ऐकत ऐकत घोडीला खरारा करत राहिली. खुरांबद्दल हिने आपल्याला सांगावं, हे मामाला लागलं. पण बोलणं खरं होतं. त्याने कानस गुपचूप पेटीत टाकली.

मैदानावर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या मोजणीतही तेवढीच उंची भरली आणि बारकी मोठ्या गटात गेली. तिथल्या धिप्पाड घोड्यांत लवंगी अगदीच चिमुकली दिसत होती. मामा कुंपण धरून उभा राहिला. पहिले अडथळे हां हां म्हणता पार झाले. सर्वांत उंच दांड्यापाशी मात्र घोडी बिचकली. बारकीने टाच मारली नाही, लगाम हिसडला नाही. मानेवर थोपटून तिने वळसा घेतला, पुन्हा आली आणि लवंगी अलगद पलीकडे गेली. पुढे एक दांडा पडला. नंबर सातवा आला.

घोडी चारही पाय ठणठणीत टाकत बाहेर आली. एरवी चारचौघांत तोंडातून शब्द न काढणारा मामा कुंपणापाशी दिसेल त्याला, न विचारणाऱ्यालाही, सांगत सुटला की ही माझ्या बहिणीची मुलगी.